चकवा कोणाला चकवतो

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हसू नका. ज्या घरात हे घडलं, तिथे अजून कोणी मोकळेपणी हसत नाही.

अमडापूरजवळचं शिवार. गेल्या मार्गशीर्षातली भर दुपार. रात्र असती तर निदान रात्रीला दोष देता आला असता.

समीक्षा कॉलेजच्या निबंधासाठी गावाकडच्या भुतांची नावं गोळा करत होती. 'चकवा' तिला सगळ्यात सोपा वाटला. चकवणं, त्यावरून चकवा. वाट चुकवतो तो. झालं! एवढ्या सरळ शब्दाला काय भ्यायचं?

त्याच दुपारी तिचे वडील शालिग्राम तुरीच्या वावरात गेले...

परतलेच नाहीत.

तूर डोक्याच्या वर गेलेली. समीक्षाने बांधावरून हाका मारल्या.



पाखरंही गप्प...

चकव्यात सापडलेल्याने जागीच बसायचं आणि शोधणाऱ्याने बांधावर थाळी वाजवायची, ही तिकडची रीत. आवाजाच्या रोखाने माणूस आपल्या पायांनी बाहेर येतो. समीक्षाला हे ठाऊक होतं. पण तिचा जीव टांगणीला लागलेला. थाळी आणायला घरी कोण जाणार! ती सरळ आत घुसली.

शालिग्राम पलीकडच्या धुऱ्यापाशी, वावराच्या हद्दीवर उभे होते. तिने हात धरून ओढलं.

हात गार होता...

ते मुकाट्याने मागे आले.

अंगणात आत्या, वच्छलाबाई, वाट पाहत होत्या. त्या भावाकडे बघतच राहिल्या.

"थाळी वाजवली का वं?"

"नाही ना आत्या. हात धरून आणलं त्यायले."

आत्यांनी तिचा हात भावाच्या हातातून सोडवला. "काऊन आणलं वं माय? हरवला तो तं जागीच बसून राह्यते. चकवा चकवते, तो शोधाले गेलेल्याले!"

"असं काय बोलता? बाबाच हायेत ना हे!"

बाबा हसले. पोटभर जेवले.

पण तेव्हापासून त्यांनी तिला एकदाही 'समे' म्हणून हाक मारली नाही. "बाई, पानी दे," म्हणतात. पाहुण्यासारखं.

आत्या रोज थाळी घेऊन वावरात जाऊ लागल्या. तूर सोंगून, कापून झाली, तरी जातच राहिल्या. लोक काय म्हणतील, या लाजेने एक दिवस समीक्षाने वावरात गाठून त्यांच्या हातून वाजती थाळी हिसकावली.

आवाज थांबला.

समोर मोकळं वावर. लांबपर्यंत माणूस नाही. आणि अगदी जवळून...

"समे... मी बसेलच हाव. थांबू नको वं माय."

ती तिथेच रडली. रडत रडत थाळी वाजवत राहिली.

आजही वाजवते. दिवस कलला की घरी परतते, तेव्हा दार आतून कोण उघडतं, ते मला विचारू नका.