जिनिंगवाल्याची उघडी गाडी

जवळ सरका रे पोरांनो. आणि ते मोबाइल खिशात घाला. आपला जळगावचा गॅरेजवाला लीलाधर, त्याच्या बाबतीत घडलेलं सांगतो. खोटं वाटलं तर त्यालाच विचारा, पण जरा सांभाळून.

लीलाधरने एक उघडी विलायती गाडी नव्यासारखी केली होती. मूळ धुळ्याच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्याची. त्याच्याकडून ती चोपड्याच्या डॉक्टरकडे गेली, डॉक्टरकडून रावेरच्या केळीवाल्याकडे, आणि तिथे कडब्याखाली सडली. लीलाधरने तिचा गंज खरवडला, इंजिन बोलतं केलं. गाद्या मात्र त्याच्या बायकोने शिवल्या, चारुलताने. त्या गाडीतून फिरायची तिला भारी हौस. पण गाडी रस्त्यावर यायच्या आतच, ऐन दिवाळीत, तापाचं निमित्त होऊन ती गेली.

लीलाधर रडला नाही. भाऊबंद म्हणाले, हा दगड आहे. त्यालाही तसंच वाटायचं. जेवायचा, झोपायचा, कामावर जायचा, पण आत काही हलायचं नाही. आपला तिच्यावर जीव नव्हताच की काय, याचीच त्याला भीती बसली. शेवटी गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक मिळालं धुळ्यातल्याच देवपूरचा योगराज, त्या जिनिंगवाल्याच्या मुलीचा मुलगा. आईला तिच्या माहेरची गाडी दारात हवी होती.

रात्र माघी पौर्णिमेच्या आदल्या दिवसाची, शनिवार. अमावास्या हवी होती ना तुम्हाला? नव्हती. लख्ख चांदणं होतं. दिवसा बघ्यांची गर्दी नको म्हणून लीलाधर अंधार पडल्यावर गाडी पोचवायला निघाला. टपाचं कापड अजून आलं नव्हतं, तसाच निघाला. हात स्टिअरिंगवर आहेत की नाहीत, थंडीने कळेना. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. पुढे ट्रकांच्या लोंढ्यातून बाहेर पडून त्याने जुना रस्ता धरला.

दोन्हीकडे कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या. माणूस नाही, कुत्रं नाही.

शेजारची सीट दबली.

स्प्रिंग कुरकुरली. खड्डा असेल... पण रस्ता सपाट होता.

मग बांगड्या वाजल्या. हलक्या. पदर सारखा करताना वाजतात तशा.

"कोण?"

...

"चारू?"

वाराही लागेना... गाडी पळत होती तरी.

त्याने मान वळवली नाही. वळवली आणि सीट रिकामी दिसली तर?

"थंडी वाजते का गं?"

धुळ्यात पांझरेच्या पुलावर शेजारची सीट वर आली.

देवपूरला योगराजची आई, पार्वताबाई, ताट घेऊन दारात उभी होती. तिने गाडीला ओवाळलं, वाकून आत पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

"मन्ही मायनी बी अशीच वटी भरी व्हती, गाडी गई तवय. लेकले धाडतस तशी. आमना घरनी रीत शे. तुन्ही बायकोले कोनी सांगं रे भाऊ?"

"अक्का..." लीलाधर म्हणाला, "माझी बायको दिवाळीत वारली."

तिने ताट खाली ठेवलं आणि गाडीत बोट दाखवलं.

पुढच्या सीटवर ओटी भरलेली होती. तांदूळ. नारळ. हळकुंड. वर हिरवा खण.

लीलाधरने खण ओळखला. सवाष्ण गेली म्हणून तिची ओटी भरून पाठवली होती, तेव्हा त्यानेच तो चितेवर ठेवला होता. हाच.

त्याने तो उचलून उराशी धरला आणि तिथेच, गाडीच्या पायरीवर बसून, तीन महिन्यांचं रडला. योगराजने त्याला उठवलं नाही. गाडी देवपूरलाच राहिली.

खण लीलाधरच्या कपाटात आहे. मी हात लावून पाहिलाय. एक कोपरा जळका आहे... आणि अजून कोमट.