न बोललेली चार पानं

त्या दिवशी मी फक्त दाढ काढायला गेलो होतो. घरी सांगितलं, वह्या आणायला बाजारात जातोय. साठ फूट खाली उतरून सुरुंग भरणारा माणूस दाढेला भितो, हे बायकोला कशाला कळू द्यायचं? डॉक्टरनं दाढ उपटली, खड्ड्यात कापसाचा बोळा कोंबला आणि म्हणाला, "दोन तास तोंड उघडायचं नाही. बोलायचं तर मुळीच नाही." मी मान हलवली, वह्या घेतल्या आणि घरी आलो.

विहिरी खणणाऱ्याला वह्या कशाला, असं वाटलं असेल तुम्हाला. सांगतो. हसायचं नाही मात्र.

मी कादंबरी करत होतो. माझं शिक्षण चौथी, तेही मास्तरला दगड मारून सुटलेलं. म्हणून मी सांगायचो, बायको लिहायची. तिचं अक्षर चांगलं. कादंबरी होती उंट्याची. उंट्या म्हणजे माझा जोडीदार. उंच होता, मान लांब, म्हणून उंट्या. सतरा वर्षं आम्ही जोडीनं विहिरी खणल्या. एक खाली, एक वर रहाटाच्या दांड्यावर. खालच्याचा जीव वरच्याच्या हातात, धंदाच तसा.

आठ वर्षांपूर्वी मला ताप भरला आणि माझ्या जागी दांड्यावर माझा थोरला भाऊ उभा राहिला. त्याच दिवशी वर येता येता उंट्या बादलीसकट खाली गेला. दोर तुटला, दादा म्हणाला. मी तापातच उठलो, दोरवाल्याच्या दुकानात गेलो आणि त्याचे पुढचे दोन दात पाडले. पुढं त्यानं दुकान बंद केलं. मला काही वाटलं नाही. कुजका दोर विकतो म्हणजे काय?

उंट्याला ना बायको ना पोर. त्याचं मागं काहीतरी राहावं म्हणून ही कादंबरी. वाचनालयातल्या म्हाताऱ्याला मी हे बोललो तेव्हा त्यानं विचारलं, "आराखडा केलास का? कोण कुठं जाणार, शेवट काय?"

"विहिरीचा आराखडा करतात का?" मी म्हणालो. "पहार मारायची. माती लागली तर माती, दगड लागला तर दगड."

"दगड लागला की ये," म्हातारा हसत म्हणाला.

लागला. एकशे बारा पानं सपासप झाली. उंट्या वर यायला बादलीत बसला, आणि तिथंच सगळं अडलं. पुढचं सांगायला तोंड उघडलं की जीभ जड व्हायची. मी तिथं नव्हतो ना. जोडीदार मरताना मी गोधडीत होतो. गेलो परत म्हाताऱ्याकडे. तो म्हणाला, "अडलं तरी रोज त्याच वेळी, त्याच जागी बस. चुकीचं सांग, शिव्या दे, पण उठू नको. एक दिवस फुटतं." एकोणीस दिवस मी नुसत्या शिव्या दिल्या. बायकोनं त्याही लिहिल्या, नीट परिच्छेद पाडून.

आमची बसायची रीत ठरलेली, मीच घालून दिलेली. ती टेबलाशी, भिंतीकडे तोंड करून. मी तिच्या मागं खाटेवर. तिनं वळायचं नाही, मध्ये काही विचारायचं नाही. माझ्याकडे कुणी बघत असलं की माझ्या तोंडून शब्द निघत नाही. एकदा ती वळली तर मी चप्पल भिरकावली होती. तेव्हापासून कधी वळली नाही.

तर मी बाजारातून आलो तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते. ती पेन घेऊन बसलेलीच. मी वह्या कोपऱ्यात ठेवल्या आणि खाटेवर टेकलो. खाट करकरली. तोंडात रक्ताची खारट चव, जबडा बधिर. म्हटलं, जरा बसू, मग हिला खुणेनं सांगू की आज काही होणार नाही.

वीज गेली. पंखा फिरत फिरत थांबला. आणि बायकोनं लिहायला सुरुवात केली.

मला वाटलं, कालचं काही राहिलं असेल. पण ती लिहायची, थांबायची, मान जराशी तिरकी करायची, आणि पुन्हा लिहायची. मी सांगत असलो की करते तसंच. खोलीत माशीसुद्धा नव्हती. नुसती पेनाची खरखर. मग वास आला. ओल्या मुरुमाचा, वर सुरुंगाच्या दारूचा. पन्नास फुटांच्या खाली गेल्याशिवाय हा वास येत नाही. भर उन्हाळ्यात माझ्या पायांना गार लागायला लागलं.

"हळू सांगा ना..." ती म्हणाली.

मी दात आवळून बसलेलो. ओठसुद्धा हलवले नव्हते.

पान उलटलं. दुसरं. तिसऱ्यावर आली तेव्हा तिचे खांदे हलत होते. रडत होती, पण वळली नाही.

"हे पण... लिहू?"

कुणीतरी तिला उत्तर दिलं असणार. कारण ती थोडा वेळ थांबली, "बरं" म्हणाली आणि लिहीत राहिली.

चौथं पान भरल्यावर तिनं पेन ठेवलं. भिंतीकडे बघतच म्हणाली, "म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं. मग त्या गरीब दोरवाल्याचे दात का पाडलेत?"

मी बोळा दाढेच्या खड्ड्यात आणखी दाबून धरला.

"दांडा भाऊजींच्या हातून सुटला हो. मी त्यांचा डबा घेऊन गेले होते. ते डबा घ्यायला वळले. मी काहीतरी थट्टा केली... तुमच्यावरच. दोघंही हसलो. एवढंच झालं, शपथ. दोर तुटलाच नव्हता. मग तुटल्यासारखा दिसावा म्हणून मी तो ताणून धरला आणि भाऊजींनी कुऱ्हाड मारली. खरं सांगितलं असतं तर तुम्ही त्यांचा जीव घेतला असतात." ती डोळे पुसत थांबली. "पण आमचं हसणं खाली त्याला ऐकू गेलं... हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

तेव्हा ती वळली.

मी बोटं घालून बोळा बाहेर काढला. लालभडक. तिच्यासमोर वहीवर ठेवला. तिनं बोळ्याकडे बघितलं, माझ्या सुजलेल्या गालाकडे बघितलं. मग माझ्या शेजारी, खाटेच्या दुसऱ्या टोकाकडे बघितलं आणि तोंडावर हात दाबला.

मी बाजूला बघितलं नाही. खोटं कशाला सांगू, हिंमत झाली नाही.

माझा राग सगळ्यांना ठाऊक. त्या दिवशी मात्र तो आलाच नाही. नुसतं पोकळ वाटलं. आठ वर्षं हिच्या हातचं जेवलो. आठ वर्षं दादाच्या पाया पडलो, माझ्या जागी उभा राहिला म्हणून. एका निर्दोष माणसाला रस्त्यावर आणलं. आणि या दोघांनी मला ते करू दिलं. वही उचलली आणि दादाकडे गेलो. मागच्याच गल्लीत राहतो, एकटा.

दादा खाटेवर बसलेला. पाय वर ओढून घेतलेले, गुडघ्यांना मिठी. मला बघून खेकसला, "आता परत कशाला आलास?"

"परत?"

"आत्ताच तर गेलास! दोन वाजल्यापासून इथं बसून सगळं बोललास. मी कबूल केलं ना? पाया पडलो ना तुझ्या? आणखी काय पाहिजे तुला?"

"दादा, मी घरी होतो. माझी दाढ..."

"शेवट पण सांगितलास," तो म्हणाला. आवाज एकदम बसला त्याचा. "तुझ्या त्या कादंबरीचा."

"काय शेवट?"

त्यानं गुडघे आणखी जवळ ओढले. मी वही त्याच्यासमोर आपटली, ओरडलो, खांदे धरून हलवलं. नाहीच बोलला. तेव्हा मात्र माझा राग उसळला, पण दादावर नाही. उंट्यावर. सतरा वर्षांचा जोडीदार मी, त्याच्यासाठी एकोणीस दिवस डोकं फोडून घेणारा मी. आणि यानं शेवट सांगितला कुणाला, तर ज्यानं मारलं त्याला!

"खाली उतर," मी म्हणालो. "उभा राहून बोल माझ्याशी."

"नको रे धाकट्या... खूप खोल आहे."

"फरशी आहे, दादा. साधी फरशी."

त्यानं माझ्याकडे बघितलं. उशाचा पाण्याचा पेला उचलला, हात खाटेच्या बाहेर नेला आणि सोडून दिला.

स्टीलचा पेला. खणकन वाजायला पाहिजे. वाजला नाही. मी वाकून खाटेखाली बघितलं. कोरडी फरशी, त्याच्या चपला, थोडी धूळ. पेला कुठंच नव्हता. दादा मान तिरकी करून, कान लावून बसला होता. विहिरीत खडा टाकून खोली बघतात ना, तसा ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होता.

"सात... आठ... नऊ..."

मी भिंतीला धरून, एकेक पाय चाचपत दारापर्यंत आलो. तेव्हा तो दोनशेच्या पुढं गेला होता.