सात नंबरच्या पलंगाचे फोटो

राज्यं बुडतात, राजे विसरले जातात, पण कागद कधी मरत नाही. दवाखान्यातल्या बिलिंगच्या ताईंना हे सत्य पुरतं पटलेलं होतं. फक्त सकाळपासून त्यांना स्टेपलरच्या पिना सापडत नव्हत्या.

सरकारी विमा योजनेचा तपासनीस अकराला यायचा होता. त्यानं मागवलेल्या चाळीस फायलींपैकी एकोणचाळीस चोख होत्या. चाळिसावी सात नंबरच्या पलंगाची. न्यूमोनिया, पाच दिवस. योजनेच्या नियमाप्रमाणे रोज रुग्णाचा पलंगावरचा फोटो काढून फायलीला लावायचा. फोटो पाच होते. पाचही फोटोंत पलंग रिकामा.

एक जरी रुग्ण बोगस ठरला, तर दवाखाना योजनेतून बाद. मग डायलिसिसच्या अकरा जणांनी जायचं कुठं? त्या अकरांत ताईंचा धाकटा भाऊ होता.

"वॉचमनला झोपवा नि नवे फोटो काढा," मोठे डॉक्टर म्हणाले. "तोंडाला मास्क लावा. कोण ओळखतंय?"

"वॉचमनचं पोट ओळखतील, सर. आणि एक खोटा कागद घातला, की एकोणचाळीस खऱ्या फायलींवरही संशय. जे आहे तेच दाखवायचं."

ताईंनी वॉर्डातल्या सिस्टरला गाठलं. "हा माणूस होता ना गं?"

"होता की. पाच दिवस मीच सुया टोचल्यात. थंडी भारी वाजायची. सारखं आपलं, खिडकी लावा, खिडकी लावा. जीव खाल्ला नुसता."

"आणि फोटो काढताना?"

"समोरच होता. हसलासुद्धा."

ताईंनी फोटो उजेडात धरले. पहिल्यात उशी फुगलेली. तिसऱ्यात मधोमध किंचित दबलेली. पाचव्यात चांगला डोक्याएवढा खळगा.

त्यांनी फोटो जागेवर ठेवले आणि फायलीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'फोटोत रुग्ण दिसत नाही. रुग्ण होता.' खाली सही ठोकली.

तपासनिसानं ते दोनदा वाचलं. "बाई, हे काय उत्तर झालं?"

"खरं आहे तेवढंच लिहिलंय."

"पलंग दाखवा."

सिस्टर पुढे झाली. सात नंबर रिकामा होता. चादर ताणून घातलेली, उशी फुगलेली, खिडकी उघडी. तपासनिसानं अहवालासाठी टॅबवर फोटो काढला. पाहिला. परत काढला.

"इथं कोणी नाही ना?" त्यानं हळूच विचारलं.

"नाही."

त्यानं टॅब दोघींकडे वळवला. पलंगावर एक किडकिडीत माणूस बसला होता, गळ्यापर्यंत पांघरूण ओढून.

"हाच तो," सिस्टर म्हणाली.

तपासनिसानं अहवालात लिहिलं : 'रुग्ण आढळला.' अक्षर वेडंवाकडं आलं. तो दाराकडे वळला.

ताई दारात उभ्या होत्या. त्या हलल्या नाहीत.

"साहेब, सही राहिली. आणि तारीख, वेळ, शिक्का."

त्यानं सगळं दिलं.

मागे उशी सावकाश दबली.

"सिस्टर," पलंगावरून आवाज आला, "तेवढी खिडकी लावता का?"