हौदावर ओतलेलं फिनेल

उदगीरच्या पशुखाद्य कारखान्याच्या फाटकाशी मंजुश्री रिक्षातून उतरली, तेव्हा नाकाला रुमाल बांधलेला एक तरुण सामोरा आला. हा राजशेखर, तिथला सुपरवायझर.

"मॅडम, नाक झाका. लई वास हाय."

"वासासाठीच तर आले नांदेडहून. झाकून कसं चालेल?"

तो हसला... रुमालाआडूनही कळलं.

वास घालवायला कारखान्यामागे मंजुश्रीनं मोठा हौद बांधून घेतला. त्यात लाकडाच्या ढलप्या आणि कुजलेलं शेणखत भरलं. घाण हवा खालून सोडायची. खतातले सूक्ष्म जीव वास खाऊन टाकतात. खत ओलं ठेवायचं काम राजशेखरकडे आलं.

"जेवली का तुमची लेकरं?" तो रोज विचारी.

"जेवली. आणि तुमच्यासारखी बडबड करत नाहीत."

हळूहळू वास विरला. आता प्रदूषण मंडळाची तपासणी तेवढी उरली. ती फसली तर कारखान्याला कुलूप, आणि मंजुश्रीचं हे पहिलंच काम बुडालं.

तपासणीच्या सकाळी मात्र सगळं आवार पुन्हा घाण मारू लागलं. अधिकारी महिन्याची मुदत देऊन निघून गेले. मालक शिवलिंगअप्पा कडाडले, "पोरीच्या हाती दिलं, तिथंच चुकलं!"

मंजुश्रीनं हौदातलं खत उकरलं. फिनेलचा भपकारा आला.

"अप्पा... ते मी वतलं काल." राजशेखर पुढे झाला. त्याला कुणी पाहिलं नव्हतं. गप्प राहिला असता तरी खपलं असतं. "सायब येणार, मॅडमचं काम चांगलं दिसावं म्हणून—"

पूर्वी मुलं आवडत्या मुलीसाठी अत्तराचा फाया आणत. यानं कॅनभर फिनेल आणलं होतं.

"चालता हो इथनं!" अप्पा म्हणाले.

"राहू द्या त्यांना, अप्पा," मंजुश्री म्हणाली. "हौद पुन्हा भरायचाय." मग त्याच्याकडे वळून हळूच, "सगळी मारलीत की हो माझी लेकरं! आणि कबूल कशाला केलंत? नोकरी गेली असती."

"तुमचं नाव गेलं असतं त्यापरीस बरं."

तिनं फावडं उचलून त्याच्या हातात दिलं.

नव्या खतात जीव पुन्हा वाढले. दुसरी तपासणी पार पडली. नांदेडच्या गाडीपाशी तो तिची बॅग धरून उभा राहिला.

"आता तरी तक्रार नाही ना?" तिनं विचारलं.

"हाय की... वास गेला, अन् तुम्ही बी निघालात."

मंजुश्रीनं बॅग घेतली. पायरीवर चढून वळली.

"ही तक्रार नांदेडला येऊन करा. आमच्या बाबांकडे. आणि एकटे येऊ नका— आईला घेऊन या."