घोड्याच्या पोटातले ठोके

हसायचं असेल त्यानं आत्ताच उठून जावं. मधेच फिदीफिदी केलेलं मला खपायचं नाही. आणि तो मोबाइल उलटा ठेव रे, डोळ्यात उजेड येतोय.

माझा साडू फिटर. अंगानं काटकुळा, पण डोकं कायम तापलेलं. आमचं दोघांचं त्यावरच जमतं. गेल्या नोव्हेंबरात, दुसऱ्या शनिवारी रात्री त्याला शहरातनं बोलावणं आलं. चौकातला घोड्यावरचा पुतळा परत बसवायचा होता. धाकट्या भावाला घेऊन गेला. धाकट्याचं पुढच्या महिन्यात लग्न.

त्या पुतळ्याची पण तऱ्हाच. आधी वर एक राजा होता. राजवट गेली तसं राजाचं मुंडकं उतरवलं आणि त्याच धडावर एका सेनापतीचं बसवलं. तलवार तीच, घोडा तोच, ढेरीसुद्धा राजाचीच! पुढं सेनापतीही नकोसा झाला, पुतळा गोदामामागं उकिरड्यावर पडला. आता परत कुणाला तरी पुळका आला. वरचे बदलत राहिले, घोड्याला कोण विचारतो?

घोडा ब्राँझचा, आतनं पोकळ. पाय वेगळे ओतलेले, पोटाला नटबोल्टनं जोडलेले. ते नट आतनंच आवळावे लागतात. त्यासाठी पोटाखाली झाकण. बारीक माणूस कसाबसा शिरतो. बाहेर जनरेटरची घरघर, हाक ऐकू जात नाही. म्हणून या कामात जुना नियम आहे. झाकण लावायच्या आधी पोटावर तीन ठोके मारायचे. आतनं उत्तर आलं नाही, तरच लावायचं.

नियम कशावरनं पडला? पहिल्यांदा पुतळा उभा केला तेव्हा बँड वाजत होता, राजा ताटकळला होता. सगळी घाई. त्या दिवशी एक फिटर घरी गेला नाही, म्हणतात. पुढं मुंडकं बदलताना आत बघितलं, तर हाडूकसुद्धा नव्हतं.

तर साडूनं आत जाऊन नट आवळले, घामाघूम होऊन बाहेर आला. धाकटा शिडीवर झाकण धरून होता. त्यानं नियमानं तीन ठोके मारले.

ठण्. ठण्. ठण्.

आतनं उत्तर आलं. तीन.

"दादा, आत कोण आहे?"

"तुझा सासरा! अरे, गार पडताना धातू वाजतो. लाव झाकण."

"उत्तर आलं तर लावायचं नाही. तूच शिकवलंस."

साडूचं टाळकं सरकलं. "मग जा, बघून ये तूच! चहा पण पाजून ये लेका त्याला!"

एवढं बोलून तो टँकरवर हात धुवायला गेला. रागाचं बोलणं ते. मी पण बोलतो. खरंच कोणी जातं का?

परत आला तर शिडी रिकामी. खाली मुकादम बोंबलत होता, "उजाडायच्या आत चौक मोकळा करायचाय! लाव की झाकण!"

"धाकटा कुठाय?"

"गेला असंल चहाला."

साडूनं तीन ठोके मारले.

काही नाही.

परत मारले. कान लावला. नुसतं गार ब्राँझ...

"नाही ना उत्तर? तुझाच नियम. लाव."

साडूनं झाकण उचललं. एक स्क्रू आवळला. दुसरा हातात घेतला. खाली नजर गेली.

शिडीपाशी चपला. धाकट्याच्या.

आवळलेला स्क्रू उपसून झाकण फेकलं त्यानं. कमरेपर्यंत आत घुसला. बॅटरी मारली.

धाकटा घोड्याच्या मानेकडं पाठ करून बसलेला. गुडघे छातीशी. डोळे उघडे. हातात पाना. पाना हलत होता. धातूवर आपटत होता. तीन वेळा. थांबून, परत तीन वेळा...

आवाज नव्हता.

साडूनं पाय धरून ओढला. हलेना. शिव्या घातल्या. हलेना. मग शिव्या संपल्या.

"ये रे बाबा," म्हणाला. "ये ना..."

आणि धाकटा एकदम सुटला, मागनं कुणी ढकलल्यासारखा. दोघं शिडीवरनं खाली आदळले.

पोरगं रडलं नाही, काही नाही. एवढंच म्हणालं, "दादा, मी दर वेळी उत्तर देत होतो."

झाकण मग मुकादमानंच लावलं. ठोके न मारता.

सकाळी घरी माझ्या मेव्हणीनं, म्हणजे साडूच्या बायकोनं, धाकट्याचा शर्ट उतरवला आणि तिच्या हातातला तांब्या पडला. पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, पंजा उमटलेला. पाच बोटं. पितळेत ताक राहिलं की कळकतं ना, तसा हिरवा. शर्टाला डाग नाही. नुसता कातडीवर. राखेनं घासलं, डॉक्टरनं मलम दिलं. जात नाही.

काय म्हणालास? भुतानं धरलं होतं त्याला?

धरायचं असतं तर हात धरला असता रे. पाय धरला असता. पाठीवर पंजा कोण ठेवतं? आणि कशाला ठेवतं? त्याच्या पाठीमागं तर नुसती घोड्याची मान होती. वीतभर जागा.

लग्न झालं त्याचं. परवा आला होता. मी म्हटलं, काढ शर्ट. माझा हात ठेवून बघितला त्या पंजावर. बरोबर बसला.

सगळी पाठ गरम. तेवढीच जागा...

गार.