काळी पट्टी

आपत्ती आली तर रुग्णालयं कितपत तयार आहेत, हे तपासणं ही माझी नोकरी. शंभर प्रश्नांचा फॉर्म असतो. खरं सांगतो, निम्मे प्रश्न मी ऑफिसातल्या खुर्चीत, चहा पिता पिताच उरकायचो. ‘तिसऱ्या मजल्याचं आपत्कालीन दार उघडतं का?’ उघडतं. दारच ते, उघडणार नाही तर काय करणार?

ते कुलूपबंद होतं. महिन्याभरात त्या मजल्याला आग लागली. आठ पेशंट आणि एक सिस्टर, सगळे त्या दाराशी सापडले. चौकशीत मी मात्र नामानिराळा राहिलो.

वर्षभराने त्याच रुग्णालयात आपत्तीचा सराव पाहायला जावं लागलं. सकाळचे अकरा, खिडक्यांतून लख्ख ऊन. सरावात कर्मचारीच जखमींचं सोंग घेऊन पडतात आणि त्यांच्या मनगटाला रंगीत पट्टी बांधतात. लाल म्हणजे आधी उचला, हिरवी म्हणजे हा थांबू शकतो. काळी म्हणजे मेलेला. त्याच्यापाशी वेळ घालवायचा नाही.

तिसऱ्या मजल्यावर एक सिस्टर पुढे आली.

“साहेब, एक माणूस कमी पडतोय. झोपता का जरा?”

मी हसत हात पुढे केला. तिने काळी पट्टी बांधली. बोटं गार होती आणि कपड्यांना करपल्याचा वास येत होता.

भोंगा वाजला. मी त्या दारापाशी आडवा झालो. थोड्या वेळाने दाराच्या फटीतून धूर येऊ लागला... खराखुरा धूर. मी उठलो, दार ढकललं. हलेना. खांद्याने धडका दिल्या. मग धुराने घुसमटून खाली कोसळलो.

सरावातली बचाव तुकडी आली. डॉक्टर वाकले. मी त्यांची बाही घट्ट धरली.

“वाचवा... श्वास...”

त्यांनी मनगट पाहिलं, बाही सोडवून घेतली. “काळी आहे. पुढे चला.”

एकेक जण मला ओलांडून गेला. सिस्टर तेवढी कानाशी वाकली.

“दार उघडतं ना, साहेब? तुमच्या कागदाच्या भरवशावर... मी सगळ्यांना इकडेच आणलं होतं.”

शुद्धीवर आलो तेव्हा दार सताड उघडं होतं. धुराचा मागमूस नव्हता, मनगट मोकळं होतं. मेट्रन पाणी देत म्हणाली, “काळी पट्टी? त्या आगीनंतर आम्ही त्या आणतच नाही, साहेब. कुणाला बघवत नाहीत.”

याला तीन महिने झाले. हल्ली छातीत कळ येते आणि डाव्या हातात उतरते. चार डॉक्टर झाले. प्रत्येक जण नाडी बघायला मनगट धरतो, क्षणभर थबकतो आणि पुढच्या पेशंटला हाक मारतो. मला भीती वाटते हो. आत्ताही कळ येतेय...

आणि तुम्ही माझ्या मनगटाकडे बघून उठताय कुठे? बसा ना थोडं.