माही भूल?

हे खरं आहे. पटत नसेल तर वाचू नका, पण हसू नका. गेली ती माझी सख्खी बहीण होती.

१९७३ चा उन्हाळा. भर दुपार. आमचं गाव बीबी. दवाखाना जिल्ह्यातलाच, नाव सांगत नाही.

रुख्मिणीला चौथा महिना. हृदयाची झडप खराब, चार पावलांत धाप लागायची. मूल ठेवलं तर बाई जगणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. गर्भपाताचा नवा कायदा आला होता. सगळं रीतसर होतं.

तिला टेबलावर घेतलं...

आणि भूल देणारा डॉक्टर मागे सरकला.

"मी भूल देणार नाही. माझ्या मनाला पटत नाही."

दारातल्या आईने तेवढंच ऐकलं. तिच्या लेखी भूल म्हणजे चूक. तिने त्याचे पाय धरले.

"काय भूल झाली आमची, डाक्टरसायेब? लेकरू हाय ते, माफी द्या तिले!"

त्याने पाय सोडवून घेतले. अरे, पटत नव्हतं तर आधी सांगायला काय झालं होतं? टेबलावर घेईपर्यंत गप्प बसला!

दुसरा भूल देणारा थेट अकोल्याला. खामगावच्या अलीकडे, यष्टीतच रुख्मिणी गेली.

पुढचं मावशीने सांगितलं. वच्छलामावशी त्याच दवाखान्यात नर्स होती.

त्याच आठवड्यात कडूबा नावाच्या शेतकऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. त्याच डॉक्टरने तोंडावरच्या जाळीवर ईथरचे थेंब सोडले. कडूबाची बडबड थांबली.

सगळं शांत...

पंखा फिरत होता, पण आवाज येईना.

मग गुंगीतल्या कडूबाचे ओठ हलले... आवाज बाईचा.

"डाक्टर... माही भूल?"

मावशीच्या हातून ट्रे पडला.

मला सांगताना ती म्हणाली, "पोरा, मी न्हाऊ घातलं हाय रुख्मिणीले. मले तिचा आवाज कळत नाही काय?"

डॉक्टर पळाला. बदली करून घेतली. पुढे सत्कार झाले, तत्त्वाचा माणूस म्हणून! तत्त्व त्याचं, जीव आमचा.

नवा डॉक्टर भला होता. कुणालाच नाही म्हणायचा नाही. तरी गुंगीतला एखादा पेशंट तेच विचारायचा... मावशी रिटायर होईपर्यंत.

रुख्मिणी त्या पळालेल्या डॉक्टरच्या मागे का गेली नाही? मला आजही कळत नाही. सूड घेतला असता तर मी शांत झोपलो असतो.

ती अजून टेबलावरच आहे... मेल्यावरही भूल मागतेच आहे.